सीबी सेटला बूस्टर नको, आधी अँटेना टपावर घ्या

सातारा-सांगलीकडच्या जीपवाल्यांच्या आणि ऊस वाहतूकदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: गाडीतला छोटा सीबी सेट (सिटिझन बँडचा, गाडीतून गाडीशी बोलायचा वायरलेस) 4 वॅटचा, म्हणजे मुळातच कमजोर. त्याला 100 वॅटचा बूस्टर (बाहेर जाणाऱ्या सिग्नलची शक्ती वाढवणारा डबा) जोडा, रेंज 25 पट होईल. अँटेना कुठेही लावला तरी चालतो, केबल मात्र 18 फूटच हवी. माईक फुल्ल ठेवा. आमच्या सेटवर परदेशातली माणसं बोलताना ऐकू येतात, यापेक्षा मोठा पुरावा कुठला?

कासच्या पुढे बामणोलीकडे उतरताना मोबाईलची रेंज जाते, तेव्हा मागच्या गाडीशी बोलायला हाच सेट उरतो. तिथे चुकीचा सल्ला महागात पडतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी 25 पटीचं गणित. वॅट 25 पट झाले म्हणून अंतर 25 पट होत नाही. सेटच्या मीटरवर सिग्नलचा काटा एक घर पुढे सरकायला शक्ती चौपट लागते. 4 वॅटचे 100 वॅट केले तर समोरच्याच्या मीटरवर जेमतेम सव्वादोन घरांच्या आसपासचा फरक दिसेल. आणि हा सगळा फरक फक्त तुमच्या बोलण्यात. समोरचा त्याच्या 4 वॅटवर जे बोलतो, ते तुमच्याकडे येताना बूस्टरच्या वॅटचा काडीचाही उपयोग नाही. तुमचा आवाज त्याला जाणार, त्याचा तुम्हाला येणार नाही. मध्ये यवतेश्वराचा डोंगर आडवा असेल तर दोघांचीही पंचाईत. वर करंटचा प्रश्न आहेच. एवढा बूस्टर 12 व्होल्टवर 15 अँपिअरच्या आसपास ओढतो. लायटरच्या सॉकेटवर तो जोडला तर फ्यूज उडेल, आणि कुणी फ्यूजच्या जागी तार घातली असेल तर वायरिंग जळेल.

कायद्याचंही स्पष्ट आहे. आपल्याकडे 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात परवान्याशिवाय चालतं ते 5 वॅटपर्यंतच. 100 वॅटचा बूस्टर त्यात बसत नाही. याच पट्ट्यामुळे आणखी एक गोष्ट पाहावी लागते. बाहेरून आलेल्या 40 चॅनेलच्या सेटवर 28 वा चॅनेल 27.285 वर येतो, म्हणजे हद्दीच्या बाहेर. ताफ्याचा चॅनेल 1 ते 27 मधलाच धरा. सेट आणि अँटेना मान्यतेतले आहेत ना, हे पैसे देण्याआधीच विचारून घ्या.

मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला म्हणजे 'अँटेना कुठेही लावा'. खरी रेंज इथेच जाते. सीबीच्या लहरीची लांबी 11 मीटर, तिचा पाव भाग पावणेतीन मीटर. एवढी काठी गाडीवर कोण बाळगणार? म्हणून आपण मीटर-सव्वा मीटरचा, आत कॉईल असलेला अँटेना लावतो. तो अर्धाच अँटेना असतो, उरलेला अर्धा म्हणजे गाडीचा पत्रा. तो बंपरच्या कोपऱ्यात लावला की सिग्नल एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी जातो. टपाच्या मधोमध लावला की चहूकडे सारखा जातो.

कॅरिअरला क्लॅम्पने लावणारे बरेच जण आहेत. कॅरिअरवर पावडर कोटिंग असतं आणि त्याचे पाय रबरावर टेकलेले असतात, त्यामुळे क्लॅम्पचा गाडीच्या पत्र्याशी संबंधच येत नाही. मल्टिमीटरची एक पिन क्लॅम्पवर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवून बघा. शून्याच्या जवळ आकडा यायला हवा. येत नसेल तर बोल्टखालचा रंग खरवडा आणि तांब्याची विणलेली पट्टी टाकून कॅरिअर बॉडीला जोडा. मॅग्नेटच्या बेसला खरवडायची गरज नाही, पण खालची धूळ पुसून घ्या. लाकडी केबिनच्या ट्रकवर मात्र लोखंडी पत्रा आधी शोधावा लागतो.

त्यानंतर एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडे गेलेली शक्ती किती परत फिरते ते दाखवणारा) लावा आणि पहिल्या व सत्ताविसाव्या चॅनेलवर रीडिंग घ्या. दीडपर्यंत असेल तर उत्तम. 3 आलं तर 25 टक्के शक्ती अँटेनाकडून परत फिरते आणि सेटच्या आउटपुट ट्रान्झिस्टरवर ताण येतो. अशा अवस्थेत बूस्टर जोडणं म्हणजे फुटक्या पाटाला जास्त पाणी सोडणं. आधी काठीची लांबी थोडी थोडी कमी-जास्त करा.

18 फुटांच्या केबलमध्ये काही जादू नाही. केबलची लांबी बदलल्यावर रीडिंग बदलत असेल तर बहुतेक वेळा दोष अर्थिंगमध्ये असतो.

माईक फुल्ल केला की आवाज मोठा होत नाही, फाटतो, आणि शेजारच्या चॅनेलवर पसरतो. माईक तोंडापासून चार बोटं लांब धरून सरळ बोला. ऐकू कमी येत असेल तर स्पीकरकडे लक्ष द्या. छोट्या सेटचा स्पीकर बहुधा खालच्या बाजूला असतो, त्याचा आवाज पायाशीच जिरतो. डोक्याजवळ वेगळा स्पीकर लावला की त्याच सेटवरचं बोलणं स्वच्छ कळतं. खरखर असेल तर इंजिन चालू ठेवूनच मोबाईलचा चार्जर काढून बघा. पुष्कळदा दोषी तोच निघतो. सेटची वायर फ्यूज घालून थेट बॅटरीवर न्या. 24 व्होल्टच्या ट्रकला चांगला कन्व्हर्टर हवाच. दोनपैकी एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट काढले की ती बॅटरी आधी मरते.

आता परदेशी आवाजांचा पुरावा. ते आवाज वातावरणाच्या वरच्या थरावरून, आयनोस्फिअरवरून परतून येतात. सूर्याच्या साधारण 11 वर्षांच्या चक्रात डागांचा जोर वाढला की 27 मेगाहर्ट्झवर हे सर्रास घडतं, आणि सध्याच्या चक्रातला जोराचा काळ 2024 मध्येच जाहीर झाला होता. तेव्हा साध्या 4 वॅटच्या सेटवरही हजारो किलोमीटरवरचं ऐकू येतं. ऐकण्यात बूस्टरच्या वॅटचा हात नसतोच, हे वर आलंच आहे. त्या गर्दीत उलट आपल्याच मागच्या गाडीचा आवाज दबतो.

खरी परीक्षा घ्यायची असेल तर एक गाडी यवतेश्वराच्या घाटात मोकळ्या वळणावर बाजूला उभी करा आणि दुसरी नागठाण्याच्या दिशेने सोडा. एकदा अँटेना बंपरवर लावून आणि एकदा टपाच्या मधोमध ठेवून, तोच सेट, तोच चॅनेल. आवाज कुठे तुटतो ते दोन्ही वेळा टिपून ठेवा, आणि मेसेज पाठवणाऱ्याला ते आकडे पाठवा.