केए पासिंग

सांगलीत जुनी मोटारसायकल विकायला काढली की बघायला येणारा माणूस आधी नंबरप्लेट बघतो, मग मालकाकडे बघतो, आणि वेळ उरलाच तर गाडी बघतो. आमची प्लेट केए-२३, म्हणजे कर्नाटकातलं चिकोडी पासिंग. त्यामुळे बहुतेक पार्ट्यांचा गाडीपर्यंत जायचा त्रास वाचला.

गाडीत नाव ठेवायला जागा नाही. २०१४ चं मॉडेल, सिंगल हँड, इंजिनला अजून पाना लागलेला नाही. मी सीमेपलीकडे एका साखर कारखान्यात होतो, तेव्हा तिथल्याच पत्त्यावर घेतली. नोकरी संपवून विश्रामबागला राहायला आलो, तशी तीही आली. परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर कायद्याने इथला नंबर घ्यावा लागतो. म्हटलं, वर्ष भरायच्या आत विकून मोकळं व्हावं.

एक गृहस्थ तर मेकॅनिक घेऊन आले. मेकॅनिकनं किक मारली, टाकीला कान लावला, डोळे मिटले. "मशीन एक नंबर आहे, काका." गृहस्थ खिशात हात घालणार, एवढ्यात मेकॅनिक मागच्या बाजूला गेला. "केए?" त्यानं असं विचारलं की मलाच क्षणभर वाटलं, आपण ही रात्री कुणाच्या तरी गोठ्यातून सोडून आणली. गृहस्थांनी हात खिशातून रिकामाच काढला आणि पावसाचा विषय काढला.

मला यातलं काहीच कळत नाही. म्हैसाळ सोडलं की थोड्या वेळात कागवाड येतं, म्हणजे कर्नाटक आलं. तिकडची ज्वारी आपण खातो. मिरजेच्या दवाखान्यांत अर्ध्या बाकांवर कन्नड ऐकू येतं. लग्नं तर दोन्हीकडून बिनदिक्कत होतात. फक्त मोटारसायकल आली की सगळ्यांना नकाशा आठवतो. बायको म्हणाली, "मीसुद्धा अथणीचीच. तुमच्या घरच्यांनी माझी एनओसी मागितली होती का?" मी उत्तर दिलं नाही. आईनं दिलं असतं.

शेवटी एजंट गाठला. त्याचं ऑफिस त्याच्याच स्कूटरच्या डिकीत आहे आणि ते सावलीप्रमाणे सरकतं. "अठ्ठावीस नंबरचे तीन करा, एकोणतीसचे दोन, तीसवर दोघांच्या सह्या, आणि इकडं आल्यावर सत्तावीस," टपरीवर मटक्याचा आकडा सांगावा तसं तो सहज म्हणाला. अठ्ठावीस नंबर म्हणजे एनओसीचा, जुन्या आरटीओच्या ना-हरकत दाखल्याचा फॉर्म. त्यावर चेसीस नंबरची छाप लागते आणि ती पेन्सिलीनं घासून काढायची असते.

हा नंबर हँडलखाली, मानेवर कोरलेला असतो. वायरी, ग्रीस आणि दहा पावसाळ्यांचा चिखल यांच्या मागे. मी अंगणात उकिडवा बसून आधी रॉकेलनं तो धुतला. मग कागद धरला तर पेन्सिल पोचेना. पेन्सिल पोचली तर कागद फाटला. तिसऱ्या कागदावर सगळे आकडे आले, पण तीन आहे की आठ यावर घरात मतभेद झाले. समोरचे काका गॅलरीतून बराच वेळ बघत होते. "काय हरवलंय?" म्हणाले. नंतर स्वतःच खाली येऊन टॉर्च धरून बसले, आणि त्यांनी माझ्यापेक्षा भरवशाची छाप काढली. माणसाला निवृत्तीनंतर काय जमेल सांगता येत नाही.

पुण्यातला भाचा मोटारसायकलवरून देशोदेशी फिरायची स्वप्नं बघतो. त्यानं मला धीर दिला. परदेशात गाडी न्यायची तर तिचं कार्ने नावाचं पुस्तक काढावं लागतं, म्हणे. सरहद्दीत शिरताना शिक्का, बाहेर पडताना शिक्का. मध्येच कुठे विकून टाकली तर ठेवलेली हमी गेलीच, वर तिथली कस्टम ड्यूटी मागे लागते. "त्या मानानं तुझं सोपं आहे, मामा." मी म्हटलं, बाबा, त्या गाडीला निदान पासबुक तरी आहे.

तर एनओसी मिळाली. मी ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवासमोर ठेवली. मग कराडहून एक पार्टी आली. प्लेट बघूनही ते दचकले नाहीत, पोहे खाल्ले, भाव ठरला. मी एनओसी दाखवली. त्यांनी ती शांतपणे वाचली.

"ही सांगलीच्या नावानं आहे. आमचं एमएच-५०."

"मग?"

"मग कराडला चालणार नाही." आणि वर हिशेब मांडला, की इथला टॅक्स नव्यानं भरायचा, तिकडचा परत मागायला तिकडे जायचं, नवा नंबर, नवी प्लेट. कर्नाटकात लाइफटाइम टॅक्स भरलाय हो, पण म्हैसाळ ओलांडलं की ती लाइफ संपते. पोहे मात्र चांगले झाले होते म्हणाले.

मग परवा अथणीकडचा एक शेतकरी आला. मिरजेत पेशंटला दाखवायला आलेला, कुणीतरी पत्ता दिला. त्यानंही आधी प्लेटच बघितली, आणि चेहरा उजळला. "केए पासिंग! ह्येच पायजे हुतं बघा. हितं समदी एमएचच दावत्यात." किक मारली नाही, टायर दाबला नाही. मी सांगितलेल्या भावाला मान डोलावली. मी धावत आत गेलो, देवासमोरची पिशवी आणली, आणि मोठ्या अभिमानानं एनओसी त्याच्यापुढे ठेवली.

तो कागदाकडे बघतच राहिला. "ह्यो कशाला काढलासा, साहेब? आता आमच्याकडं नावावर हुईत न्हाई की ही. कॅन्सल करून ठिवा. सोमवारी परत यायचं हाय पेशंटला घिऊन."

एजंटला फोन लावला. त्याच्या आवाजात मला कुठेतरी आनंद ऐकू आला.

"होतंय की कॅन्सल. फक्त आधी इकडच्या ऑफिसचं लेखी आणायचं, की ही गाडी सांगलीत आलीच नाही."