परदेशात शिकायला जाताय? आधी ते अधिकृत संकेतस्थळ बंद करा

ज्या देशात जायचं, त्या देशाच्या व्हिसा खात्याचं पान स्वतः उघडून वाचायचा मोह सर्वप्रथम आवरा. तिथं सगळं फुकट लिहून ठेवलेलं असतं: कागद कुठले, पैसे किती, मुदत कधीची. फुकटच्या माहितीत काय राम असणार? माहिती घ्यावी ती नाशिकच्या कॉलेज रोडवर, दुसऱ्या मजल्यावरच्या काचेच्या केबिनमध्ये, समोर पाण्याची छोटी बाटली आणि मागे बिग बेनचं पोस्टर असताना.

तीही तशी फुकटच मिळते. विद्यार्थ्याकडून एक रुपया न घेता कॉलेज रोडचं भाडं कसं परवडतं, असं मात्र विचारू नका. चांगल्या घरातली मुलं असलं काही विचारत नाहीत. तुम्ही प्रवेश घेतलात की विद्यापीठ तुमच्याच फीमधला एक वाटा कमिशन म्हणून सल्लागाराला देतं, एवढाच तो चमत्कार. म्हणून तर जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांचं नाव त्या केबिनमध्ये सहसा निघत नाही. तिथं बहुतेक राज्यांत ट्यूशन फीच नाही, मग वाटा कशातला देणार? विषय निघालाच तर ‘भाषेचा प्रॉब्लेम होईल हो’ म्हणून दोन मिनिटांत मिटतो. मग प्रिंटरमधून चार विद्यापीठांची यादी बाहेर येते, ‘तुमच्या प्रोफाइलला हीच सूट होतात’ या आशीर्वादासह. प्रोफाइल म्हणजे तुमचा सीजीपीए आणि बाबांच्या नावावरचा फ्लॅट. त्यातही फ्लॅट आधी बघतात.

कॅनडाला जायचं असेल तर ऑफिस नाशिकच्या कॅनडा कॉर्नर चौकातच गाठा, निम्मं अंतर तिथंच कापलं जातं. भिंतीवर ‘एसडीएसमधून झटपट व्हिसा’ असा फलक दिसला तर डोळे मिटून सही करा, माणूस जुना आणि अनुभवी आहे. एसडीएस ही विद्यार्थ्यांना लवकर व्हिसा देणारी कॅनडाची योजना 8 नोव्हेंबर 2024 ला बंद झाली, पण चांगला फलक कोण काढून टाकतं? जीआयसीसाठी, म्हणजे राहण्याच्या खर्चाची जी ठेव कॅनडाच्या बँकेत आधी ठेवावी लागते तिच्यासाठी, किती पैसे लागतात, हे 2022 मध्ये गेलेल्या सोसायटीतल्या दादाला विचारा. तो दहा हजार डॉलर सांगेल आणि अगदी छातीठोक सांगेल. 2024 च्या जानेवारीपासून ते 20,635 झाले आणि 1 सप्टेंबर 2025 पासून 22,895, पण दादानं स्वतः भरलेत आणि सरकारनं नुसतं लिहिलंय. अनुभव मोठा.

विद्यापीठ निवडताना हजेरीचा जाच नसलेलं बघा. या निकषावर आजवरचं अव्वल म्हणजे मिशिगनमधलं युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन. वेबसाइट होती, बोधचिन्ह होतं, विद्यार्थी व्हिसाला लागणारं आय-20 पत्र देण्याची सरकारी मान्यतासुद्धा होती. नव्हते ते फक्त वर्ग आणि प्राध्यापक. 2019 मध्ये कळलं की हे विद्यापीठ अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी खात्यानंच सापळा म्हणून उभं केलं होतं. पकडले गेलेले विद्यार्थी जवळपास सगळे भारतीय. त्याआधी 2011 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ट्राय-व्हॅली या बनावट विद्यापीठाच्या काही विद्यार्थ्यांच्या पायात, ते कुठे जातात हे कळावं म्हणून, रेडिओ कॉलर अडकवले होते. तेव्हा ‘वर्गात जायची गरज नाही, पहिल्या दिवसापासून काम करा’ असं कुणी म्हणालं, तर त्याच्या पाठीशी साक्षात अमेरिकन सरकार असण्याची शक्यता असते. आणखी काय हवं?

आता कागद. आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग तुमचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि नाव व वडिलांचं नाव दुसऱ्या रकान्यात. ही विसंगती जशीच्या तशी जपा. अर्ज गुणपत्रिकेवरून भरा, म्हणजे परदेशी विद्यापीठात तुम्ही पहिल्या दिवसापासून ‘डिअर पाटील’ व्हाल. आयईएल्टीएस एका नावानं, प्रवेशपत्र दुसऱ्या, बँकेचं खाते तिसऱ्या, मग तीन माणसं एकाच फाइलमध्ये कशी, याचं उत्तर तुम्ही प्रतिज्ञापत्र करून देत बसा. पासपोर्टमधल्या नावाप्रमाणेच सगळीकडे भरायचं, हा नियम इतका सोपा आहे की पाळायला लाज वाटावी.

नाशिकचं कॉलेज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेलं, म्हणून ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून काढावी लागते. ती शेवटच्या आठवड्यात मागा. प्रत्येक सेमिस्टरची गुणपत्रिका शोधताना तिसऱ्या सेमिस्टरची, ज्यात गणिताचा एम-थ्री राहिला होता ती, सापडणार नाही. ती तुम्हीच आईच्या नजरेआड कुठंतरी ठेवली होती. बॅकलॉग लपवायचाच असेल तर अर्जात लपवा. ट्रान्सक्रिप्टमध्ये तो निघतोच, आणि मग एटीकेटीचा साधा प्रश्न खोट्या माहितीचा होतो.

शिफारसपत्रांबाबत आपल्याकडे एक थोर परंपरा आहे. सर म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ तिन्ही सरांची पत्रं एकाच रात्री लिहा आणि तिन्हींत ‘मी याला गेली चार वर्षं जवळून ओळखतो’ हेच वाक्य ठेवा. विद्यापीठ सरांच्या ईमेलवर लिंक पाठवतं. तिथं कॉलेजचा अधिकृत ईमेल न देता तुम्हीच काल रात्री उघडलेला जीमेल द्या आणि तिन्ही पत्रं घरच्याच वायफायवरून चढवा. एसओपी, म्हणजे हाच अभ्यासक्रम का हे सांगणारा तुमचा निबंध, तर मागच्या वर्षी गेलेल्या मित्राचीच घ्या, फक्त मेकॅनिकलच्या जागी कॉम्प्युटर करा. साहित्यचोरी पकडणारं सॉफ्टवेअर असतं, पण ते तुमच्यासारख्या सज्जन माणसाला का पकडेल?

खरी मजा पैशांत आहे, तिथं जरा थांबू.

निफाड किंवा दिंडोरीकडची तीन एकर द्राक्षबाग आहे, कोटींच्या घरात किंमत आहे, मग शिक्षणकर्ज चुटकीसरशी मिळणार, अशा विश्वासानं सातबारा घेऊन बँकेत जा. मॅनेजर तो आदरानं बघेल आणि आदरानंच परत करेल. कर्ज थकलं तर बँक ज्या 2002 च्या सरफेसी कायद्यानं मालमत्ता ताब्यात घेते, त्या कायद्याच्या 31 व्या कलमात शेतजमीन वगळलेली आहे. म्हणून तारण लागतं ते एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉटचं, नाहीतर फ्लॅटचं. गुंठेवारीतल्या प्लॉटवर वकील मान हलवतो. फ्लॅट असला तर इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), भोगवटा दाखला, मंजूर नकाशा आणि मालकीचा 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट. भोगवटा दाखला बिल्डरनं कधी घेतलाच नव्हता, हे तुम्हाला तिथं, त्या खुर्चीत बसल्यावर कळलं पाहिजे. साडेसात लाखांच्या वर सरकारी बँक बहुतेक वेळा तारण मागते, हे आधी कळलं तर सगळा रंगच जातो. मार्चमध्ये कागद जमवण्यापेक्षा जूनच्या अखेरीस सुरुवात करा. वरातीमागून घोडं नेण्याची नाशिक जिल्ह्यात मोठी सोय आहे.

आता वडिलांचं उत्पन्न. शेतीचं उत्पन्न आयकरातून माफ, त्यामुळे रिटर्नवर फार काही दिसत नाही. लासलगावच्या किंवा पिंपळगावच्या बाजार समितीतल्या हिशोबपट्ट्या आणि त्यांच्याशी जुळणाऱ्या बँकेतल्या जमा नोंदी हाच खरा पुरावा, म्हणून हिशोबपट्ट्या रद्दीत घाला. त्याऐवजी दोन दाखले सोबत जोडा: तहसीलदारांचा, जो कॉलेजच्या फी सवलतीसाठी काढला होता आणि ज्यात वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या बरंच खाली आहे, आणि सीएचा, ज्यात त्याच गृहस्थांची मालमत्ता दोन कोटी आहे. व्हिसा अधिकाऱ्याला कोडी आवडतात.

इंग्लंडला जाणाऱ्यांसाठी 28 दिवसांचा खेळ आहे. राहिलेली फी, अधिक राहण्याचा खर्च (लंडनमध्ये महिन्याला 1,529 पौंड, बाहेर 1,171, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे) एवढी रक्कम खात्यात सलग 28 दिवस असावी लागते. त्या 28 दिवसांचा शेवट अर्जाच्या तारखेपासून मागे 31 दिवसांच्या आत असावा लागतो. एका दिवशी शिल्लक थोडी खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून सत्ताविसाव्या दिवशी त्याच खात्यातून बहिणीच्या साखरपुड्याच्या हॉलचा ॲडव्हान्स द्या. रकमेचा आकडा अगदी काठावर ठेवा, म्हणजे रुपया घसरला की तुम्हीही घसराल.

आणि हे पैसे मामांच्या खात्यात ठेवा. मामा सिडकोत राहतात, सज्जन आहेत, तुमच्यावर जीव आहे. ब्रिटिश नियमात मात्र तुमचं स्वतःचं, आई-वडिलांचं किंवा कायदेशीर पालकाचं खातं चालतं. मामा हा प्राणी त्यात येत नाही. शेअर आणि भविष्यनिर्वाह निधीही नाही. वडिलांचं खातं दाखवायचं तर त्यांचं संमतीपत्र आणि तुमचा जन्मदाखला हवा. जन्मदाखला काढून बघा: नावाच्या रकान्यात काहीच नसेल, कारण बारशाच्या आधी नोंद झाली आणि नंतर नाव घालायला कुणी गेलंच नाही. दाखला नुसता मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर वेगळं. याला लागणारे आठवडे तुमच्याकडे नसतीलच, कारण मामांनी वेळ घेतलेला असतो.

पैसे पाठवतानाही घाई नको, चूक हवी. वर्षाला दहा लाखांच्या वर स्वतःच्या पैशातून पाठवले तर टीसीएस, म्हणजे पाठवतानाच बँक घेते तो कर, कापला जातो. बँकेच्या शिक्षणकर्जातून गेले तर नाही. म्हणून कर्ज मंजूर असतानाही बाबांची एफडी मोडा.

जर्मनीचं नाव तुम्ही स्वतःच शोधून काढलंच असेल तर तुमची शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारं एपीएस प्रमाणपत्र विसरा. नोव्हेंबर 2022 पासून भारतीयांना ते लागतं, फी 18,000 रुपये आणि हातात यायला आठवडे. हिवाळी सत्राची मुदत बऱ्याच ठिकाणी 15 जुलै. एपीएसचा अर्ज 1 जुलैला करणं योग्य. ब्लॉक खात्यात 11,904 युरो ठेवावे लागतात, ते महिन्याला 992 प्रमाणे परत तुम्हालाच मिळतात. सल्लागाराला त्यात काहीच मिळत नाही, हे त्या देशाचं दुर्दैव.

अमेरिकेच्या व्हिसा मुलाखतीला मुंबईत बीकेसीच्या वकिलातीत सकाळी लवकरची वेळ मिळाली, तर पंचवटी एक्स्प्रेसनं जा. ती नाशिकरोडहून निघते सातच्या सुमारास, म्हणजे तुमची वेळ टळते तेव्हा गाडी फार तर कसारा घाट उतरत असेल. आदल्या दिवशी बायोमेट्रिकसाठी मुंबईत जावं लागतंच, पण मुक्काम न करता परत या. घर ते घर. वकिलातीत मोबाईल आणि बॅग आत नेता येत नाही, म्हणून दोन्ही सोबत ठेवा. व्हिसा अर्जाचे (त्याचा फॉर्म म्हणजे डीएस-160) 185 डॉलर आणि सेव्हिस या विद्यार्थी नोंदणीचे 350, हे निकाल काहीही लागला तरी परत मिळत नाहीत, त्यामुळे फॉर्म सल्लागाराच्या पोऱ्याला भरू द्या आणि तुम्ही वाचू नका. जून 2025 पासून विद्यार्थी अर्जदारांना सोशल मीडिया खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं आहे. तुमचं खातं फॉर्ममध्ये लिहिलेलं आहे की नाही, हे खिडकीसमोरच कळू द्या.

‘हेच विद्यापीठ का?’ या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर द्या: जागतिक दर्जाचे प्राध्यापक, अत्याधुनिक प्रयोगशाळा. तुमच्या पुढच्या सात जणांनीही तेच दिलेलं असतं, एकाच केबिनमधून आल्यासारखं. एकाही प्राध्यापकाचं किंवा विषयाचं नाव घेऊ नका. अधिकारी 214(बी) असं लिहिलेला कागद देईल. अर्जदार तिथंच राहायला जातोय असं कायदा आधीच धरून चालतो आणि तसं नाही हे तुम्ही दाखवायचं असतं, हा त्याचा अर्थ. तुम्ही मात्र ‘कोटा संपला’ असं घरी सांगा.

व्हिसा मिळालाच, तर घर इथूनच बुक करा. फोटोत लाकडी फरशी, भाडं बाजारभावाच्या निम्मं, मालक ‘सध्या परगावी’, आणि किल्ली कुरियरनं, डिपॉझिट आधी. असा मालक सोडू नका.

सामान बांधताना 23 किलोची मर्यादा म्हणजे 27 समजा. चिवडा, लोणचं, आणि आजीनं दळलेलं मेतकूट बिनलेबलच्या पिशवीत. ऑस्ट्रेलियाला जात असाल तर विमानात मिळणाऱ्या कार्डावर खाद्यपदार्थ आहेत का विचारतात. ‘हो’ लिहिलं तर अधिकारी पिशवी बघतो, पदार्थ चालत असेल तर सोडतो, नसेल तर तेवढा काढून घेतो. ‘नाही’ लिहिलं आणि सापडलं, तर जागेवर दंड, आणि विद्यार्थी व्हिसाही रद्द होऊ शकतो. खूण ‘नाही’वरच करा. मेतकूट वाचलं पाहिजे.