'पुस्तकं मिटा, इअरफोन लावा' या मेसेजचा प्रतिवाद

परीक्षा जवळ आल्या की नर्सिंग आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. शब्द बदलतात, गाभा तोच: वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, काही जण मुळातच 'ऐकून शिकणारे' असतात, जाता-येता दुप्पट वेगाने पॉडकास्ट लावले की वाया जाणारा वेळ कारणी लागतो, आणि पाठ्यपुस्तकं छापून होईपर्यंत शिळी होतात, पॉडकास्ट मात्र ताजे. तेव्हा पुस्तकं मिटा, इअरफोन लावा. मी पॉडकास्ट ऐकते, विद्यार्थ्यांना सुचवतेही. म्हणूनच हा मेसेज जास्त खटकतो. साधन चांगलं आहे, पण त्याची भलामण भलत्याच कारणांसाठी चालली आहे.

टक्केवारीपासून सुरुवात करू. हे आकडे बहुतेक वेळा शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या 'अनुभवाच्या शंकू'च्या, म्हणजे शिकण्याच्या अनुभवांची प्रत्यक्ष ते अमूर्त अशी मांडणी करणाऱ्या आकृतीच्या, नावावर खपवले जातात. डेल यांनी १९४६ साली तो शंकू मांडला हे खरं, पण त्यात एकही टक्का नव्हता. आकडे नंतर कोणीतरी चिकटवले. काय वाचलं, कोणी वाचलं आणि किती दिवसांनी विचारलं, हे न सांगता लक्षात राहण्याची टक्केवारी सांगणं म्हणजे रुग्ण न बघता ताप सांगणं. आणि आकडे खरे धरले तरी २० टक्क्यांत पास कसं व्हायचं, याबद्दल मेसेज गप्पच आहे.

'ऐकून शिकणारे' या मुद्द्यावर फार वेळ घालवायला नको. मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली उपलब्ध संशोधन तपासलं, तेव्हा प्रत्येकाच्या शिकण्याच्या शैलीप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो असं म्हणण्याइतका पुरावा त्यांना सापडला नाही. ऐकायला आवडतं, तर जरूर ऐका. आवडणं वेगळं, लक्षात राहणं वेगळं.

प्रवासातल्या वेळेचा मुद्दा मात्र सगळाच खोटा नाही. आपत्कालीन वैद्यकशास्त्राच्या निवासी डॉक्टरांवर झालेल्या एका प्रयोगात काहींनी गाडी चालवताना आणि काहींनी एका जागी बसून पॉडकास्ट ऐकले. नंतरच्या चाचणीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे 'गाडीत ऐकलेलं डोक्यात शिरतच नाही' हा उलटा आक्षेपही टिकत नाही. पण महिन्याभराने पुन्हा विचारलं, तेव्हा दोन्ही गटांचे गुण घसरले होते. अडचण कुठे बसून ऐकलं ही नाही, ऐकून झाल्यावर काय केलं ही आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा प्रयोग इथे आठवतो. उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. पॉडकास्टचं अ‍ॅप नेमकं याच्या उलट वागतं. एक भाग संपतो न संपतो तोच पुढचा आपोआप सुरू होतो, आठवायला उसंतच मिळत नाही. ती सोय आधी बंद करावी.

आता दुप्पट वेग. साध्या व्याख्यानाचं आकलन दुप्पट वेगापर्यंत फारसं घसरत नाही, असं प्रयोगांत दिसलं आहे. पण आपल्या विषयात सगळं काही साधं व्याख्यान नसतं. डोपामाइन आणि डोब्युटामाइन ही नावं घाईत ऐकून बघा. दोन्ही इन्फ्युजनने, म्हणजे शिरेतून ठरावीक वेगाने सतत सोडून देतात, दोन्ही गंभीर रुग्णाला लागतात. जास्त मात्रेत डोपामाइन रक्तवाहिन्या आवळतं. डोब्युटामाइन मुख्यतः हृदयाच्या आकुंचनाला जोर देतं आणि रक्तवाहिन्या काहीशा सैल करतं. इंग्रजीतले 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' तर कानाला जुळे भाऊच. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅममध्ये हजारपटीचा फरक, उच्चारात मात्र एवढासा. म्हणूनच फोनवरून ऑर्डर आली तर सिस्टरने ती आधी लिहायची, मग लिहिलेली वाचून दाखवायची आणि समोरून होकार आल्यावरच अंमलात आणायची, अशी शिस्त असते. पंधरा असेल तर 'वन फाइव्ह' असे अंक सुटे म्हणायचे. वॉर्डमध्ये आकड्यांच्या बाबतीत कानावर एवढा अविश्वास, आणि तोच विद्यार्थी डोस शिकणार धावता धावता, दुप्पट वेगात? डोस, एकक आणि इन्फ्युजनचा वेग डोळ्यांनीच वाचायचे. याला माझ्याकडून सूट नाही.

ताजेपणाचं म्हणाल, तर नवा पॉडकास्ट ताजा असतो. जुना मात्र तसाच पडून राहतो. २०१० च्या मार्गदर्शक सूचनांनी सीपीआरचा, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाला छाती दाबून आणि श्वास देऊन वाचवण्याच्या उपायाचा, क्रम बदलला: श्वासमार्गाआधी छातीवर दाब. २०१५ साली दाबांच्या वेगाला वरची मर्यादा आली, मिनिटाला १०० ते १२०. त्याआधीचा भाग आज कोणी डाउनलोड करून पाठवला, तर सांगणाऱ्याचा आवाज तितकाच ठाम लागतो. पुस्तकावर निदान आवृत्तीचं वर्ष छापलेलं असतं. शिवाय छाती पाच-सहा सेंटिमीटर दबली की हाताला काय जाणवतं, ते कुठलाच पॉडकास्ट सांगू शकत नाही. त्यासाठी पुतळ्यावर घाम गाळावा लागतो.

गंमत म्हणजे, कानाने जे खरोखर शिकता येतं त्याचा मेसेजमध्ये उल्लेखच नाही. फ्रेंच डॉक्टर लेनेकने १८१६ साली स्टेथोस्कोप बनवला, तेव्हापासून आपला धंदा कानावर चालला आहे. २००४ साली मायकेल बॅरेट आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना हृदयाचे मर्मर (ठोक्यांच्या मध्ये ऐकू येणारे जादा आवाज) प्रत्येकी ५०० वेळा ऐकवले आणि त्यांची ओळखण्याची क्षमता चांगलीच सुधारली. असे आवाज फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. नेहमीच्या दोन ठोक्यांखेरीज कधी ऐकू येणारे तिसरा आणि चौथा हृदयध्वनी इतके खालच्या पट्टीतले असतात की तो इवलासा स्पीकर ते गिळून टाकतो. चांगले हेडफोन लावा.

कानाने शिकण्यासारखी दुसरी गोष्ट म्हणजे केस-चर्चा. अनुभवी माणूस पहिला संशय कशावरून घेतो आणि कोणत्या रिपोर्टनंतर तो सोडून देतो, हे पुस्तकाच्या सरळ परिच्छेदात क्वचितच दिसतं, बोलण्यात दिसतं. अशा भागात रुग्णाची माहिती सांगून झाली की पॉज दाबा. तुमच्या मते काय असू शकतं, आधी काय तपासाल, आणि नर्स असाल तर डॉक्टरांना आत्ता बोलवाल की अर्ध्या तासाने पुन्हा बीपी घेऊन, ते कागदावर लिहा. मग पुढचं ऐका.