स्कोप की पीप साइट: एका पालकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि जरा तिखटही, पण मुद्दे नेमके आहेत, म्हणून दोन ओळींत उरकत नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १० मीटर एअर रायफल शिकणाऱ्या मुलांना स्कोप घेऊन देऊ नका, तेच पैसे बऱ्या पीप साइटमध्ये (डोळ्याजवळची, बारीक छिद्रातून बघायची साइट) घाला आणि फोरसाइटमध्ये (नळीच्या टोकाकडची साइट) ४.० मिमी किंवा त्याहून मोठी रिंग लावा, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की हा जुनाट विचार झाला. तुमच्या तेरा वर्षांच्या मुलीचा नेम ४ एक्स (चौपट मोठं दाखवणाऱ्या) स्कोपवर आठवड्यात सुधारला. पाव मिनिटाच्या क्लिकची अचूकता पीपमध्ये येणार कुठून? क्लबमधली मोठी मुलं ३.२ ची रिंग लावून चांगला स्कोअर काढतात. तुम्ही घेतलेली पीप साइट तर मुळातच सदोष निघाली, 'आर'कडे फिरवली की छर्रा डावीकडे जातो. आणि पंचेचाळिशीनंतर फोरसाइट धूसर दिसते, त्यावर पीपमध्ये भिंग बसवण्यावाचून उपाय काय, हा शेवटचा प्रश्न.

सदोष साइटपासून सुरुवात करतो, कारण ती दुकानात परत जाण्याआधी तुम्हाला गाठायला हवं. साइट बिघडलेली नाही. जर्मन पद्धतीच्या पीप साइटवर, आणि तिच्या बहुतेक नकलांवरही, शॉट कुठे लागतोय त्या अक्षराकडे नॉब फिरवायचा असतो. उजवीकडे लागतोय तर 'आर'कडे फिरवा, तो डावीकडे सरकेल. वर लागतोय तर 'एच'कडे (जर्मनमध्ये वर), खाली लागतोय तर 'टी'कडे (खाली). स्कोपच्या टरेटवर (नेम जुळवायच्या नॉबवर) नेमकं उलटं असतं: 'अप'च्या दिशेला फिरवलं की छर्रा वर जातो. तुम्ही आधी स्कोप हाताळलात आणि मग पीप, म्हणून ही गफलत. नकलेवर कधी अक्षरं भलत्याच रिवाजाने छापलेली असतात, तेव्हा छापील अक्षरावर विसंबण्यापेक्षा वीस क्लिक फिरवून बघा आणि साइटला चिकटपट्टी लावून स्वतःचा बाण काढा.

या वीस क्लिकांतूनच साइटची लायकीही कळते. टेबलावर वाळूची पिशवी, तिच्यावर रायफल, छर्रे एकाच डब्यातले. साइट रेलला (रायफलीवरच्या साइट बसवायच्या पट्टीला) धरून ठेवणारे स्क्रू आणि फोरसाइटचा स्क्रू आधी आवळून घ्या. निम्म्या 'खराब' साइट तिथेच बऱ्या होतात. पाच शॉट मारा. आडवा नॉब वीस क्लिक फिरवा, नवीन कार्डावर (छापील लक्ष्यावर) पाच शॉट. वीस क्लिक मागे आणा, तिसऱ्या कार्डावर पाच. कार्डं एकमेकांवर ठेवून उजेडासमोर धरा. पहिला आणि तिसरा ग्रुप (पाच शॉटांचा पुंजका) एकावर एक बसले पाहिजेत. पहिल्या आणि दुसऱ्या ग्रुपच्या मध्यांमधलं अंतर मोजून २० ने भागलं की एका क्लिकची किंमत निघते. उभ्या नॉबचंही तसंच करा.

तिसरा ग्रुप पहिल्यावर बसला नाही, तर नॉबच्या आट्यांत ढिलाई आहे: क्लिकचा आवाज येतो, पण छिद्र धरणारी आतली पट्टी सरकत नाही, आणि पुढच्या दोन क्लिकांत एकदम उडी मारते. थोडी ढिलाई असेल तर एक सवय पुरते. नेहमी एकाच दिशेने मुक्कामाला यायचं. उलट दिशेला चार क्लिक हवे असतील तर आठ जा आणि चार परत या. ढिलाई चार-पाच क्लिकांच्या वर असेल तर मात्र ती साइट नको. बॅटरीच्या उजेडात चकचकीत दिसणाऱ्या स्वस्त साइटमध्ये हाच दोष सर्वांत जास्त सापडतो, आणि दुकानाच्या काउंटरवर तो दिसत नाही.

झिरो बसला, म्हणजे नेम धरला तिथेच छर्रा लागू लागला, की नॉब एका टोकापर्यंत फिरवून तिथून झिरोपर्यंतचे क्लिक मोजा आणि वहीत लिहा. रेलवर साइट कुठे बसते तिथेही खूण करा. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीआधीच्या सरावात अभिनव बिंद्रांचे शॉट भलतीकडे जायला लागले, कारण साइट हललेली होती. हातात होता तेवढ्या वेळात क्लिक फिरवून त्यांनी झिरो परत आणला आणि सुवर्ण जिंकलं. एका क्लिकची किंमत तोंडपाठ असल्याशिवाय हे होत नाही.

आता पाव मिनिटाच्या क्लिकबद्दल. पाव मिनिट ऐकायला बारीक वाटतं, पण ते कोन मोजण्याचं माप आहे (एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), अंतर लावून बघितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. १०० मीटरवर एक मिनिट म्हणजे सुमारे २९ मिमी. १० मीटरवर २.९ मिमी, आणि पाव मिनिट म्हणजे ०.७३ मिमी. एअर रायफलच्या कार्डावर दहाचा ठिपका ०.५ मिमीचा. नऊची रिंग ५.५ मिमी व्यासाची, म्हणजे मध्यापासून दर अडीच मिलिमीटरला एक गुण जातो आणि दशांशात मोजलं तर ०.२५ मिमीला ०.१ गुण. तुमच्या स्कोपचा एक क्लिक ०.३ गुणांची उडी मारतो. ठिकठाक पीप साइटमध्ये पट्टी एका क्लिकला साधारण ०.०२ मिमी सरकते. दोन साइटमधलं अंतर ८० सेंमी धरलं तर १० मीटरवर ती साडेबारा पट होते, म्हणजे ०.२५ मिमी, बरोबर ०.१ गुण. या अंतराला बारीक क्लिक पीपचा आहे.

स्कोपची खरी अडचण मात्र क्लिकची नाही, पॅरॅलॅक्सची आहे, म्हणजे डोळा हलला की नेमाची खूण लक्ष्यावरून सरकण्याची. ठरावीक एकाच अंतरावर ती सरकत नाही. बहुतेक साध्या रायफल स्कोपांचा पॅरॅलॅक्स १०० यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरवर, कायमचा बसवलेला असतो. १० मीटरवर बुल (लक्ष्यावरचा काळा गोल) धूसर दिसतो हे एक, आणि डोळा थोडा बाजूला गेला की क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) बुलवरून सरकते हे दुसरं. ४० मिमीच्या काचेला ही चूक जास्तीत जास्त १८ मिमीच्या आसपास जाऊ शकते. डोळा अगदी कडेला असेल तरच एवढी, नेहमी नाही. पण बुलची त्रिज्याच सव्वापंधरा मिमी आहे, म्हणजे क्रॉसहेअर बुलच्या बरोबर मधोमध आणि शॉट पांढऱ्यात, असं घडू शकतं. तपासणं सोपं आहे: रायफल पिशव्यांत घट्ट बसवा, हात न लावता डोकं डावी-उजवीकडे हलवा आणि क्रॉसहेअर किती फिरतं ते पाहा. पुढच्या काचेभोवती फिरणारी अंतराची रिंग असेल आणि ती १० यार्डांपर्यंत येत असेल, तर हा प्रश्न बराचसा सुटतो. पीपमध्ये डोळा छिद्रामागे जरा हलला तरी फोरसाइट छिद्राच्या मध्यावर आणायची एवढंच काम असतं, आणि ते डोळा आपोआप करतो.

शिवाय तुमची रायफल स्प्रिंगची, नळी मोडून भरायची. पिस्टन सुटताना रायफल मागे येते आणि पिस्टन थांबताना पुढे झटका बसतो. मोठ्या बंदुकीसाठी बनवलेले स्कोप मागचा धक्का सोसतात, हा पुढचा झटका त्यांना सोसत नाही. आधी माउंट (स्कोप धरणारी पकड) रेलवर मागे सरकतं, मग आतली काच किंवा क्रॉसहेअर सैल होते. 'परवापर्यंत छान लागत होता' या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. माउंटला मागे स्टॉप पिन असलीच पाहिजे, आणि माउंट ११ मिमीच्या डोव्हटेलचं (तिरप्या कडांच्या अरुंद रेलचं) हवं. रुंद रेलचं माउंट आवळून बसवलं तर रेल चेपते. याच रायफलीत आणखी एक गोम आहे, आणि ती पीपलाही लागू आहे. नळीचा सांधा सैल असेल तर नळी दर वेळी वेगळ्या जागी बसते. नळीवरच्या ओपन साइट नळीबरोबर हलतात, पण स्कोप आणि पीप दोन्ही मागच्या भागावर असतात, त्यामुळे झिरो फिरतो. नळी बंद करून बाजूने हलवून बघा. हलत असेल तर आधी सांध्याचा बोल्ट, मग साइट.

मुलीचा नेम आठवड्यात सुधारला यावर माझा विश्वास आहे. टेकून मारताना स्कोपने ग्रुप लगेच लहान होतो. उभ्याने मारायला लागली की ४ एक्समध्ये तिला स्वतःचं हलणं चौपट दिसेल, क्रॉसहेअर दहावरून जाताना ती ट्रिगर हिसकेल, आणि ही सवय सुटायला महिने जातात. दुसरं म्हणजे स्पर्धा. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) १० मीटर एअर रायफलला साइटमध्ये भिंग चालत नाही, स्कोप तर नाहीच. स्कोप चालतो तो रनिंग टार्गेटला (सरकत्या लक्ष्याच्या प्रकाराला), आणि १० मीटरवर तिथेही ४ एक्सच्या वर नाही. 'आता जगात सगळे स्कोपवर मारतात' असं तुम्ही लिहिलंय. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य मिळवलं ते भिंगाशिवायच्या साइटवर.

३.२ च्या रिंगबद्दल मात्र थोडं गणित करू या, कारण तिथे क्लबमधल्या मुलांचं अनुकरण सर्वांत महागात पडतं. बुल ३०.५ मिमीचा, डोळ्यापासून १० मीटरवर. फोरसाइट डोळ्यापासून ९० सेंमीवर. म्हणजे फोरसाइटच्या जागी बुल २.७५ मिमीचा दिसतो. ३.२ ची रिंग लावली तर भोवती पांढरी पट्टी उरते ०.२३ मिमीची. ९० सेंमीवर एक मिनिट कोन म्हणजे ०.२६ मिमी, आणि चांगला डोळा जेमतेम एक मिनिट ओळखतो. म्हणजे डोळ्याला जे दिसण्याच्या सीमेवर आहे त्यावर तुम्ही मुलीला नेम धरायला सांगताय. ही पट्टी लक्ष्यावर अडीच मिलिमीटरची होते. नवशिक्या मुलीचा होल्ड (नेम धरताना होणारं हलणं) त्याहून मोठा, म्हणून बुल सारखा रिंगला टेकतो, पांढरं एका बाजूने गायब होतं, ती थांबून राहते, श्वास संपतो, डोळा थकतो आणि शॉट कसाबसा सुटतो. ४.० ची रिंग लावली की पट्टी ०.६२ मिमीची, म्हणजे सव्वादोन मिनिटांहून थोडी जास्त. डोळा तिची समानता सहज पारखतो.

मोठ्या मुलांना ३.२ जमते असं नाही. बहुधा त्यांना तिची सवय झालेली असते. नळीपुढे ट्यूब जोडली असेल तर हिशेब पुन्हा करावा लागतो: फोरसाइट १० सेंमी पुढे गेली की बुल तिथे ३.०५ मिमीचा दिसतो आणि तेवढ्याच मोकळ्या पट्टीसाठी रिंग ४.४-४.५ ची लागते. ट्यूब लावून जुनीच रिंग ठेवणारे बरेच जण 'हल्ली नेम बसत नाही' म्हणत असतात. फिरवून मोठी-लहान होणारी रिंग घेतलीत तर हा घोळ एका वस्तूत मिटतो.

मागच्या आयरिसचं (पीपमधल्या लहान-मोठ्या होणाऱ्या झडपेचं) छिद्र १.१-१.२ मिमीपासून सुरू करा. फार लहान केलं तर अंधार होतो आणि कडा उलट विस्कटतात. फार मोठं केलं तर फोरसाइट आणि बुल एकत्र नीट दिसत नाहीत. डोळा छिद्रापासून ५ ते १० सेंमी, रोज तेवढाच. त्यासाठी चीकपीस (गाल टेकायचा भाग) आणि साइटची रेलवरची जागा दोन्ही जुळवा, मान पुढे ताणून नव्हे. दुसरा डोळा मिटू देऊ नका; दुधी प्लॅस्टिकची पट्टी लावा. काळ्या पट्टीने त्या डोळ्याची बाहुली मोठी होते आणि तिच्याबरोबर नेमाच्या डोळ्याचीही.

राहिला तुमचा स्वतःचा डोळा. पीपमध्ये भिंग नियमात बसत नाही, चष्म्यात बसतं. प्रोग्रेसिव्ह चष्मा इथे निरुपयोगी, कारण रायफल लावल्यावर तुम्ही काचेच्या वरच्या आतल्या कोपऱ्यातून बघता आणि तिथे नंबर वेगळाच असतो. चष्मेवाल्याला सांगा: नेमाच्या डोळ्याचा लांबचा नंबर, त्यात अधिक ०.५०. हा आकडा हवेतला नाही. ९० सेंमीवरच्या फोरसाइटला १.१ डायॉप्टर लागतात, १० मीटरवरच्या बुलला ०.१, आणि त्यांच्या मधोमध ०.६. त्यामुळे फोरसाइट जवळजवळ कोरीव आणि बुल किंचित मऊ दिसतो, आणि तसाच दिसायला हवा. काच नजरेच्या रेषेला काटकोनात असू द्या, म्हणून शूटिंगची फ्रेम. सिलिंडर नंबर असेल तर डोकं कलल्यावर अक्षही कलतो; तो रायफल लावून, फ्रेममध्ये काच हळूहळू फिरवत जुळवायचा.

घेतलेला स्कोप फुकट गेला असं समजू नका. पॅरॅलॅक्स १० मीटरपर्यंत येत असेल तर वाळूच्या पिशवीवरून छर्ऱ्यांचे वेगवेगळे डबे पारखायला तो छान आहे. कोणत्या डब्याचा ग्रुप लहान येतो ते त्यात लवकर कळतं.

पीप साइटची वीस क्लिकची चाचणी मात्र या आठवड्यात करा आणि तिन्ही कार्डांचे फोटो इथेच खाली टाका. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवायला विसरू नका, म्हणजे साइट ठेवायची की परत करायची ते आकड्यांवरून सांगता येईल.