दुरुस्ती रखडली म्हणून भाडे थांबवावे का?

‘घरमालक दुरुस्ती करत नसेल तर भाडे देणे बंद करा, तो तुम्हाला बाहेर काढू शकत नाही, दुरुस्ती स्वतः करून घ्या आणि सगळा खर्च भाड्यातून वळता करा, भाड्याच्या प्रत्येक घराला हा नियम लागू आहे’ अशा आशयाचा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरत असतो. त्यात सत्याचा अंश आहे, आणि म्हणूनच तो अधिक घातक आहे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मूळ आधार महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा असून तो ३१ मार्च २००० पासून अमलात आहे.

पहिला मुद्दा भाडे थांबवण्याचा. कलम १४ नुसार, विरुद्ध करार नसेल तर, जागा राहण्याजोगी ठेवणे घरमालकावर बंधनकारक आहे. परंतु त्याने हे कर्तव्य टाळल्यास भाडेच बंद करावे, असे ते कलम कोठेही म्हणत नाही. उलट कलम १५ चे संरक्षण भाडे देणाऱ्या किंवा देण्यास तयार असणाऱ्या भाडेकरूलाच मिळते. थकबाकीची लेखी मागणी केल्यानंतर नव्वद दिवस उलटले की घरमालक ताब्यासाठी दावा लावू शकतो. समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत दरसाल १५ टक्के सरळ व्याजासह रक्कम भरण्याची आणखी एक संधी असते, हे खरे. पण छत गळते म्हणून भाडे अडवणारा माणूस शेवटी व्याज आणि वकिलाची फी दोन्ही भरतो, आणि छत गळतच राहते.

दुसरा मुद्दा खर्च वळता करण्याचा. हा हक्क कलम १४ मध्येच खरोखर आहे, फक्त त्याला क्रम आणि मर्यादा आहे, आणि मजकुरात नेमके तेवढेच गाळले आहे. आधी घरमालकाला लेखी नोटीस द्यावी लागते आणि किमान पंधरा दिवस वाट पाहावी लागते. त्यानंतरही त्याने हात हलवला नाही, तरच भाडेकरूने, किंवा अनेकांचा प्रश्न असेल तर सर्वांनी मिळून, काम करून घ्यायचे. शिवाय एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक रक्कम कापता येत नाही. समजा, भाडे महिना १०,००० रुपये आहे आणि वरच्या मजल्यावरून झिरपणाऱ्या पाण्याने गिलाव्याचे पोपडे पडून सळया उघड्या पडल्या आहेत. वॉटरप्रूफिंग आणि गिलाव्याला ४८,००० रुपये लागले, तर त्या वर्षी ३०,००० रुपयेच वळते होतील. भाडेकरूने ठेवलेला हिशेब आणि पावत्या मात्र खर्चाचा निर्णायक पुरावा मानल्या जातात. म्हणून ‘आपल्या ओळखीचा प्लंबर आहे, पावती कशाला’ हे वाक्य या प्रकरणात सर्वांत महागात पडते.

दुरुस्तीच्या निमित्ताने भिंत सरकवणे किंवा पोटमाळा बांधणे वेगळे. लेखी संमतीशिवाय केलेले कायमस्वरूपी बांधकाम हे कलम १६ खाली ताबा मागण्याचे स्वतंत्र कारण ठरते.

तिसरा मुद्दा ‘प्रत्येक घराला लागू’ हा, आणि तोच सर्वाधिक दिशाभूल करणारा आहे. आज बहुतेक फ्लॅट अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर दिले जातात. असा रहिवासी बोलीभाषेत भाडेकरू असला तरी कायद्याच्या दृष्टीने परवानाधारक, म्हणजे जागा वापरण्याची केवळ परवानगी असलेला, असतो, त्यामुळे कलम १४ मधील ‘भाडेकरू’चा हक्क त्याने आपोआप आपला समजू नये. त्याच्यासाठी करारातील दुरुस्तीची अट निर्णायक ठरते. किरकोळ काम कोणी करायचे, नळजोडणी व विजेची वायरिंग कोणाच्या खर्चाने, हे तेथे लिहिलेले असेल तर तेच लागू होते. तरीही तो अगदी उघड्यावर पडत नाही. सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५७ नुसार, जागेतला धोकादायक दोष मालकाला ठाऊक असून परवानाधारकाला ठाऊक नसेल, तर तो उघड करणे मालकावर बंधनकारक आहे. शिवाय भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार करार लेखी करून त्याची नोंदणी करणे ही घरमालकाची जबाबदारी आहे, आणि ही तरतूद लिव्ह अँड लायसन्सलाही लागू होते. ती त्याने पाळली नसेल, तर ‘दुरुस्ती तुम्ही करून देणार असे ठरले होते’ हे राहणाऱ्याचेच म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.