“सगळं नॉर्मल आहे” लिहून केस पेपर बंद करू नका

नागपूरच्या आमच्या जुन्या कॉलेजच्या ग्रुपवर लग्नातली जबरदस्ती आणि कायदा हा विषय निघाला की सरळ दोन पार्ट्या पडतात. एका बाजूचं म्हणणं, लग्न झालं म्हणून बाईची मर्जी कायमची गृहीत धरता येत नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, असा कायदा आला तर घरं मोडतील, खोट्या केसेस पडतील, पोलीस बेडरूमपर्यंत येतील. वाद कशावरून, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही जुना अपवाद तसाच ठेवलाय, बायको अठराच्या खालची नसेल तर नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्कार धरली जात नाही. २०२२ मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या दोन न्यायाधीशांचं यावर एकमत झालं नाही, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, ऑक्टोबर २०२४ मध्ये सुनावणी सुरू झाली आणि लांबली. मी इंग्लंडमध्ये लीड्सला बसून हे सगळं वाचते आणि माझं मत मी ग्रुपवरही लिहिलंय, हा अपवाद जायलाच पाहिजे. इंग्लंडमध्ये तो १९९१ साली गेला आणि त्यामुळे इथे लोकांनी लग्नं करणं काही सोडलं नाही.

पण या भांडणात एक गोष्ट मला फार खुपते. दोन्ही पार्ट्या हेच धरून चालतात की बाई नको म्हणते म्हणजे तिला इच्छा नाहीये. इच्छा नाही तर तिचा हक्क आहे असं एक जण म्हणतो, इच्छा नाही तर लग्न कशाला केलं असं दुसरा. आणि जिला इच्छा आहे, नवरा आवडतो, घरात भांडण नाही, सगळं आहे, पण दुखतं म्हणून जी नको म्हणते, ती कुठल्याच पार्टीत बसत नाही, तिच्याबद्दल कोणी बोलतच नाही.

मी त्यातली आहे. मला व्हल्व्होडायनिया आहे. योनीच्या बाहेरच्या भागात, योनीमुखाशी, तीन महिन्यांहून जास्त टिकणारं दुखणं, ज्याला इन्फेक्शन किंवा त्वचेचा आजार असं स्पष्ट कारण सापडत नाही. ही व्याख्या या विषयातल्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी २०१५ मध्ये मिळून पक्की केली. कोणाला फक्त स्पर्श झाला की दुखतं, म्हणजे संबंधाच्या वेळी, टॅम्पॉन लावताना, डॉक्टर तपासताना, कोणाला काही न लागताही दिवसभर आग होते. कोणाला पहिल्यापासून असतं, कोणाला मधेच कधीतरी सुरू होतं. माझं स्पर्शाने दुखणं आणि काही न लागताही आग होणं असं दोन्ही मिसळलेलं, हिरव्या मिरच्या चिरलेला हात चुकून लागावा तशी आग, आणि ती धुतल्याने जात नाही.

नागपुरात असताना मी मानेवाड्यावरून आयटी पार्कला स्कूटीने जायची. मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर, डोक्याला स्कार्फ, खाली लेगिंग्ज, तापलेली सीट आणि सिग्नल, संध्याकाळी घरी आले की मी पंख्याखाली उताणी पडून राहायची. आई म्हणायची उन्हाळी लागली असेल, सब्जा घे, धन्याचं पाणी घे. तिने मनापासून केलं सगळं, तिला जेवढं माहीत होतं तेवढं. डॉक्टरांकडे गेले की फंगल इन्फेक्शनची क्रीम, ती संपली की दुसरी क्रीम, मग लग्न झाल्यावर गोळ्या नवऱ्यालाही. स्वॅबचा रिपोर्ट नॉर्मल आला तरी पुन्हा तीच क्रीम. लग्नानंतर एका डॉक्टरांनी सासूबाईंच्या समोर विचारलं की रोज होतं का, आणि मी हो की नाही म्हणायच्या आधीच सांगून टाकलं की रिलॅक्स होत जा, एक मूल झालं की सगळं सुरळीत होतं. बाहेर आल्यावर सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. पण घरात सगळ्यांना कळलं होतं की हिला काही झालेलं नाही, रिपोर्ट नॉर्मल आहेत, म्हणजे हिच्या डोक्यातच काहीतरी आहे. माझी एक मावशी प्रेमानेच म्हणाली, “तू जास्तच विचार करून राहिली ना बाई.”

आता कोणाला वाटेल की इथे आले आणि सुटले. तसं अजिबात नाही, आणि ग्रुपवर जेव्हा कोणी लिहितं की तुमच्याकडे काय बापा सगळंच मस्त, तेव्हा मला हे सांगावंसं वाटतं. इथल्या पहिल्या जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, मला संबंधाआधी एक ग्लास वाइन घ्या म्हणून सांगितलं. नागपूरच्या डॉक्टरांचं रिलॅक्स आणि यांची वाइन यात मला तरी काही फरक दिसला नाही. ब्रिटन सरकारने २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या महिलांच्या आरोग्याबद्दल लोकांकडून मतं मागवली होती, त्यात उत्तर देणाऱ्या ८४ टक्के लोकांनी सांगितलं की आरोग्यसेवेतल्या माणसांनी बाईचं म्हणणं ऐकून घेतलं नाही असे प्रसंग आलेत. डिसेंबर २०२४ मध्ये इथल्या खासदारांच्या समितीनेही तेच लिहिलं, बायकांच्या दुखण्याला “हे असंच असतं” म्हणून बाजूला सारलं जातं. गायनॅकची वेटिंग लिस्ट तर विचारू नका, अख्ख्या ब्रिटनमध्ये लाखोंनी बायका रांगेत आहेत. नागपुरात धंतोली किंवा रामदासपेठेत सकाळी फोन केला तर संध्याकाळी डॉक्टर भेटतात, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी हातात, हे इथल्या माझ्या मैत्रिणींना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही.

मग इथे वेगळं काय झालं, तर दुसऱ्या एका जीपीने मला व्हल्व्हल क्लिनिकला, म्हणजे योनीच्या बाहेरच्या भागाच्या त्रासांसाठीच्या दवाखान्यात, पाठवलं. असं वेगळं क्लिनिक असतं हेच मला माहीत नव्हतं. नंबर लागायला खूप वेळ गेला पण तिथे गेल्यावर डॉक्टरांनी आधी माझ्याशी बोलून घेतलं, कपडे न काढता, नवरा बाहेर. कधीपासून, कुठे, कशाने वाढतं, साबण कोणता, पाळी, लघवी, पोट साफ होतं का, झोप, भीती वाटते का, सगळं. मग तपासताना शेजारी एक नर्स होती, आणि डॉक्टरांनी आधीच सांगितलं की तुम्ही थांबा म्हणालात की मी थांबेन. स्पेक्युलम, म्हणजे आत घालून बघायचं ते अवजार, घातलंच नाही. एक ओला कॉटन बड घेतला, कानाचा असतो तसाच, आणि आधी मांडीला लावून दाखवला, मग बाहेरून आत एकेका जागी हलकेच टेकवत विचारत गेल्या, इथे किती, इथे किती, दहापैकी सांगा. योनीमुखाशी घड्याळात पाच आणि सात वाजतात त्या जागांना मी अक्षरशः उडाले. त्या म्हणाल्या, हे दुखणं खरं आहे, याला नाव आहे, आणि त्यांनी ते लिहिलं. त्या कागदावर माझं नाव आणि खाली व्हल्व्होडायनिया, मी तिथेच रडले.

या तपासणीला काय लागलं, तर एक कापसाची काडी आणि दहा मिनिटं. मशीन नाही, महागडी टेस्ट नाही. नागपूरच्या कुठल्याही ओपीडीत उद्यापासून होऊ शकते. आणि ती करणं गरजेचं आहे कारण सगळंच दुखणं व्हल्व्होडायनिया नसतं, आधी बाकीचं नीट बघावं लागतं. खाज आणि पांढरे चट्टे असतील तर लायकेन स्क्लेरोसस हा त्वचेचा आजार असू शकतो, त्याला स्टेरॉइडचं मलम बरोबर पद्धतीने लावावं लागतं आणि पुढे लक्ष ठेवावं लागतं कारण त्यात कॅन्सरचा थोडा धोका असतो. पाळी गेल्यानंतर कोरडेपणाने दुखत असेल तर तिथे लावायचं इस्ट्रोजेन हार्मोन मिळतं. फंगल पुन्हा पुन्हा होत असेल तर शुगर बघा. पण टेस्टमध्ये फंगस नसताना वर्षानुवर्षं क्रीम चोळत राहिलं तर ती नाजूक त्वचा अजून चिडते. आणि आपल्याकडे तर मेडिकल स्टोअरमधून चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड मिसळलेली क्रीम मिळते, वरून टीव्हीवर त्या जागेच्या वॉशच्या जाहिराती. मला इथे पहिली सूचना मिळाली की साबण, वॉश, वाइप्स सगळं बंद, नुसतं पाणी आणि साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर, सुती चड्डी, सैल कपडे.

औषध म्हणाल तर रात्री अगदी कमी डोसची ॲमिट्रिप्टिलीन, हळूहळू वाढवत. ही डिप्रेशनची गोळी म्हणून ओळखली जाते त्यामुळे घाबरू नका, या कमी डोसला ती नसांच्या दुखण्यासाठी देतात, मायग्रेनलाही देतात. तोंड कोरडं पडतं, सकाळी झोप उतरत नाही, फरक पडायला काही आठवडे जातात. काहींना गॅबापेंटिन, हीही नसांच्या दुखण्याची गोळी, देतात, काहींना लिग्नोकेनचं बधिर करणारं मलम. ही सगळी औषधं भारतात मिळतात, आणि महाग नाहीत.

पण मला सगळ्यात जास्त फरक पडला तो फिजिओथेरपीने. ओटीपोटाच्या तळाशी जे स्नायू असतात, पेल्व्हिक फ्लोअर, ते वर्षानुवर्षं दुखण्याच्या भीतीने आवळून बसलेले असतात आणि आवळल्यामुळे अजून दुखतं. फिजिओने मला आधी नुसता श्वास शिकवला, पोटात खालपर्यंत, मग ते स्नायू सोडायला शिकवले, मग स्वतःच्या हाताने स्पर्शाची सवय करायला, मग डायलेटर, म्हणजे आत घालून सवय करायच्या गुळगुळीत नळ्या, सगळ्यात लहान साइझपासून. हे काम कंटाळवाणं आहे, मधेच दुखणं परत येतं, माझं आजही पूर्ण गेलेलं नाही. पण मी जीन्स घालून ऑफिसला जाते, आणि नवऱ्याला आणि मला आता कळतं की कुठल्या दिवशी काय शक्य आहे आणि काय नाही. इथे व्हल्व्हल पेन सोसायटी आहे, १९९६ पासून, त्यांच्यामुळे मला अशाच दुसऱ्या बायकांशी बोलता आलं, साठीतली एक बाई भेटली जिने चाळीस वर्षं कोणालाच सांगितलं नव्हतं.

आता परत कायद्याकडे येते, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे. सुप्रीम कोर्टाच्या २००७ सालच्या एका निकालात मानसिक क्रूरता कशाला म्हणायचं याची उदाहरणं दिली आहेत, त्यात एक असं की जोडीदाराने कुठलीही शारीरिक असमर्थता किंवा योग्य कारण नसताना बराच काळ संबंधाला नकार दिला तर ती मानसिक क्रूरता ठरू शकते. म्हणजे कोर्टाने दुखणाऱ्या बाईसाठी जागा ठेवलेली आहे, शारीरिक असमर्थता असेल तर गोष्ट वेगळी. पण ती सिद्ध कशाने करायची? जिच्या फाइलमधल्या प्रत्येक कागदावर नॉर्मल, नॉर्मल, नॉर्मल लिहिलंय तिच्याकडे दाखवायला काय आहे? हिंदू विवाह कायद्यात तर असमर्थतेमुळे संबंध झालाच नाही म्हणून लग्न रद्द करून घ्यायचीही सोय आहे, तिथेही मुलीकडच्यांच्या हातात हाच कागद. डॉक्टरने घाईत लिहिलेला तो एक शब्द पुढे वकिलाच्या टेबलावर जातो आणि बाईचं दुखणं हट्ट ठरतं. म्हणून मला वाटतं की अपवाद काढा ही मागणी जितक्या जोराने आपण करतो तितक्याच जोराने ओपीडीतल्या निदानाची मागणी केली पाहिजे. कायदा बदलला तरी ज्या बाईला स्वतःलाच कळत नाहीये की आपल्याला काय होतंय, ती कोर्टात जाऊन काय सांगणार? इथे १९९१ नंतरही माझ्यासारखीला वाइनचाच सल्ला मिळाला.

आणि हे फक्त माझ्यासारख्या मोजक्या बायकांचं दुखणं आहे असं नका समजू. २००३ साली अमेरिकेत एक मोठा सर्व्हे झाला, त्यात साधारण १६ टक्के बायकांनी सांगितलं की आयुष्यात कधी ना कधी असं दुखणं तीन महिने किंवा जास्त राहिलं होतं. त्यातल्या जवळपास ४० टक्के डॉक्टरकडे गेल्याच नाहीत, ज्या गेल्या त्यातल्या ६० टक्के बायकांनी तीन किंवा जास्त डॉक्टर बदलले. आपल्याकडे जिच्यासोबत ओपीडीत सासू किंवा जाऊ बसलेली असते ती किती सांगत असेल? इथे मला सगळ्यात मोठी मदत झाली ती आत एकटीला बसवल्याची. नातेवाइकांना पाच मिनिटं बाहेर थांबा म्हणायला कुठल्याच दवाखान्याला पैसे लागत नाहीत.

फिजिओचं म्हणाल तर सप्टेंबर २०२५ मध्ये देशभर वाद झाला, फिजिओथेरपिस्टने नावापुढे डॉक्टर लावायचं की नाही, सरकारी पत्र निघालं आणि लगेच मागेही घेतलं गेलं. आमच्या ग्रुपवर त्यावर दोन दिवस मेसेज चालू होते. फिजिओ म्हणजे गुडघा, कंबर आणि पॅरालिसिस एवढंच सगळ्यांच्या डोक्यात, त्यांनी पेल्व्हिक फ्लोअर शिकलं तर किती बायकांचं आयुष्य बदलेल यावर एक मेसेज नाही. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात फिजिओथेरपीचं शिक्षण आहे, वर्ध्याजवळच्या सावंगीला कॉलेज आहे, दरवर्षी विदर्भातून मुली शिकून बाहेर पडतात. बाळंतपणानंतर लघवी सुटण्याचा त्रास घरोघरी आहे, त्यालाही याच स्नायूंची फिजिओ लागते, म्हणजे पेशंट नाहीत असं कोणी म्हणू नये.

माझी एक मावसबहीण तिकडे आहे, माझ्यापेक्षा लहान, तिला हेच सगळं होतंय आणि तिच्या घरी प्रकरण माहेरी पाठवण्यापर्यंत गेलं होतं. आम्ही रात्री उशिरा कॉलवर बोलतो. मी तिला सांगितलं, एका कागदावर लिहून ने, कधीपासून दुखतं, कुठे, कशाने, कोणकोणत्या क्रीम झाल्या, आणि डॉक्टरांना सरळ विचार की कॉटन बडने तपासाल का, व्हल्व्होडायनिया असू शकतो का. गेल्या वेळच्या डॉक्टरांनी तिला उडवून लावलं होतं. या वेळी ज्या मॅडम भेटल्या त्यांनी तो कागद वाचला, सासूला बाहेर बसवलं, तपासलं, आणि केस पेपरवर निदान लिहून खाली लिहिलं, तूर्त संबंध टाळावेत, फिजिओथेरपीचा सल्ला. तिने मला लगेच फोटो पाठवला. मी म्हटलं, आधी दोन झेरॉक्स काढ, एक आईकडे ठेव.