बाबांचं नेत्रदान झालं आहे: फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

बाबा गेल्यापासून ठाण्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'नौपाड्यातल्या निवृत्त सर्जनची शेवटची इच्छा अपुरी राहिली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून डोळे नाकारले.' असं काहीही झालेलं नाही. नेत्रदान झालं, त्याच रात्री, घरीच.

मोतीबिंदूत बदलतात ते डोळ्याच्या आतलं भिंग. दानात कामी येतो तो पुढचा पारदर्शक पडदा, कॉर्निया. चष्मा, मधुमेह, रक्तदाब यांचीही आडकाठी नसते. डोळे मात्र साधारण ६ तासांच्या आत काढावे लागतात. नेत्रपेढीची माणसं येईपर्यंत आईनेच पंखा बंद केला, डोक्याखाली उशी सरकवली, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवला. हे सगळं तिला बाबांनीच पढवून ठेवलेलं. अर्ध्या तासात काम झालं. चेहरा होता तसाच दिसत होता.

त्याच मेसेजमधलं 'आयुष्यभर एक पैसा घेतला नाही' हेही खोटं. फी घ्यायचे हो! त्यावरच आम्ही दोघं भावंडं शिकलो. ज्याला परवडत नसे त्याला सोडायचे, ते वेगळं. आमच्या दप्तराचे तुटलेले बंद मात्र फुकट शिवायचे, टाक्याची गाठ मारून. दप्तर फाटायचं, गाठ सुटायची नाही.

मेसेज पुढे ढकलला असेल तर त्याच ग्रुपवर हेही टाका. परवा शेजारच्या काकू विचारत होत्या, "माझंही मोतीबिंदूचं झालंय, मग फॉर्म भरून काय उपयोग?"

काकू, भरा.